दुपारचा थांबा

बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "कोण?" आणि ती म्हणायची, "पार्सल!"

इतक्या दारांपुढे ती इतक्यांदा 'पार्सल' झाली होती की एकदा किल्ली विसरल्यामुळे स्वतःच्याच घराची बेल वाजवावी लागली, आतून तिच्या पोरीला सांभाळणाऱ्या शेजारच्या मावशींनी "कोण गं?" म्हणून विचारलं, तर ही सवयीनं म्हणाली, "पार्सल!" मावशींनी दार उघडलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "ये, फोडून बघते आत काय निघतंय."

तशी तिला नावं पुष्कळ होती. इमारतीत ती ठकूची आई. गोदामात सगळ्या ड्रायव्हरांची वहिनी, अगदी तिच्या वडिलांच्या वयाच्या बिनसाखरेकाकांचीसुद्धा. (काकांचं आडनाव बिनसाखरे नव्हतं. मधुमेह झाल्यापासून टपरीवर "बिनसाखरेचा" म्हणून ओरडायचे, ते चिकटलं.) नवरा तिला 'अगं' म्हणायचा, पण तो बोटीवर स्वयंपाकी होता. बोट बंदराला लागल्याशिवाय फोन लागत नसे आणि बोटीला बंदराची ओढ फारशी दिसत नव्हती. राहिले गिऱ्हाईक. त्यांना तिच्या नावाशी काही घेणं नव्हतं.

ड्रायव्हरही यात काही कमी नव्हते. खोक्यावर छापलेलं नाव खोकं हातातून सुटेपर्यंतच टिकायचं. माणूस लक्षात राहायचा तो काय मागवतो त्यावरून. तिच्या रोजच्या ठरलेल्या वाटेवर 'मांजरवाळू' होते. मांजराच्या शी-शूची वाळू गोणीनं मागवणारे हे गृहस्थ चौथ्या मजल्यावर राहायचे आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. 'बूट-परत' होत्या. त्या बूट मागवायच्या, घालून कुठंतरी मिरवून यायच्या आणि "चावतात" म्हणून परत करायच्या. आणि गल्लीच्या टोकाला एकमजली घरात 'कोडेवाल्या बाई' राहायच्या. शेकडो तुकडे जोडून चित्र करायची ती मोठी कोडी त्या मागवायच्या, एक संपलं की दुसरं. त्या खिडकीतून हात करायच्या. पार्सल दाराशी ठेवताना ही मान हलवायची. एवढीच ओळख. पण सबंध वाटेवर हात करणारं ते एकच माणूस होतं, म्हणून त्या गल्लीत वळताना ती आरशात बघून केस सारखे करायची.

बाकी सगळी दारं. "दाराशी ठेवा." ठेवायचं, खोक्याचा फोटो काढायचा, फोटोत माणूस येता कामा नये, बोट हातातल्या यंत्रावर टेकवायचं, पुढं. कधीकधी दारावरची बेलच बोलायची. घरमालक कुठल्यातरी ऑफिसात बसलेला असायचा आणि बेलमधून म्हणायचा, "झाडामागे ठेवा. तिथं नाही, अजून डावीकडे. हां." ती बेलकडे बघून "हो साहेब" म्हणायची. वाटेनं जाणारे बघायचे, बाई भिंतीशी बोलतेय.

ते यंत्र गाडीत समोरच्या खोबणीत बसायचं, उतरलं की खिशात. कुठं वळायचं ते सांगायचं, कुठं जास्त थांबलीस तेही सांगायचं. हिरवं असलं की ठीक, पिवळं झालं की टीं टीं, लाल झालं की ते गोदामात दिसायचं. त्या हिरव्यात लघवीला जाण्याची सोय नव्हती. पुरुष ड्रायव्हरांचं एक असतं, गाडीत एक रिकामी बाटली असते आणि त्यावर कोणी बोलत नाही. तिनं पेट्रोल पंपावरची एक बरी जागा शोधून ठेवली होती, पण ती वाटेच्या फार सुरुवातीला येई. पाणी प्यावं तर जायचं कुठं, आणि न प्यावं तर ठकूला दूध यायचं कुठून? या प्रश्नाचं उत्तर घोटाघोटानं काढत ती दिवस ढकलायची.

कारण ठकू अंगावर पीत होती. बसायला लागली होती, खालच्या हिरडीतून दोन दात डोकावत होते, मऊ केलेलं काहीबाही खायची. पण दुपारी तिला आई लागायची. बाटली म्हटली की ओठ गच्च मिटून मान फिरवायची. मावशींनी वाटी-चमचा करून पाहिलं, गाणी म्हणून पाहिली, रागावूनही पाहिलं. "तुझी लेक म्हणजे ना," मावशी म्हणायच्या, "उपाशी मरेल पण हॉटेलात जेवणार नाही!"

म्हणून तिनं ही वाट धरून ठेवली होती. गोदामातले नवे ड्रायव्हर या वाटेला नाकं मुरडायचे. जिने फार, गल्ल्या बारीक, गाडी लावायला जागा नाही. पण ती वाट दुपारी तिच्या स्वतःच्या गल्लीतून जायची. म्हणजे जायलाच हवी अशी व्यवस्था केलेली होती. ज्या दिवशी गल्लीत एकही पार्सल नसे त्या दिवशी यंत्र तिला बाहेरच्या बाहेर वळवायचं, आणि न सांगता गल्लीत शिरलं तर लाल. तेव्हा इमारतीनंच मनावर घेतलं. कोणी ना कोणी रोज काहीतरी मागवायचं. तळमजल्यावरच्यांनी बल्ब मागवले. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी खडू मागवले, खडूंची शाळेत गरज संपून किती वर्षं झाली देव जाणे. आणि मावशी सेफ्टी पिना मागवायच्या. "मला आता कोणी ओढलं तरी मी सुटायची नाही," असं म्हणत त्या पिनांचं पाकीट कपाटात टाकायच्या, आणि तोवर ही पलंगाच्या कडेला बसून जॅकेटची चेन खाली ओढायची. ठकू आधी तिच्याकडे बघून हसायची आणि मग कामाला लागायची. यंत्र पिवळं होईपर्यंत तेवढा वेळ त्यांचा. जिना उतरताना तिचे गुडघे हलके असत.

त्या दिवशी दुपारी ती वर आली तर मावशींचं दार लोटलेलं होतं. मावशी शाल गुंडाळून खाली जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, आणि ठकू त्यांच्या पायांमध्ये.

"खाली का बसलात?"

"पलंगावरून पडायला नको म्हणून," मावशी म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते. "ताप चढलाय गं. हात थरथरतायत. मगाशी हिला उचललं आणि मलाच भीती वाटली. वर खाली सगळी कुलपं. मास्तरीण संध्याकाळी येईल."

तिनं मावशींच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं कपाळ. तिनं ठकूला पाजलं, मावशींना गोळी दिली, पाणी उशाशी ठेवलं, पांघरूण घातलं. यंत्र खिशात टीं टीं करायला लागलं.

"सुट्टी सांग," मावशी म्हणाल्या.

"अर्धी गाडी भरलेली आहे मावशी. भरली गाडी सोडून गेलं की वाट जाते. मागच्या महिन्यात त्या उंचाड्या ड्रायव्हरची गेली. त्याचे वडील दवाखान्यात होते तरी गेली."

"मग?"

तिनं माळ्याकडे बघितलं. मावशींच्या दूरदेशी असलेल्या नातीची गाडीत बसवायची छोटी खुर्ची तिथं प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलेली होती.

"गाडीत दुसरं माणूस चालत नाही ना तुमच्या?" मावशी म्हणाल्या.

"ही कुठं अजून माणूस आहे," ती म्हणाली आणि स्टूल ओढलं.

खुर्ची शेजारच्या सीटवर पट्ट्यानं घट्ट बसवली. ठकूला गाडी आवडली. खोक्यांची रांग, काचेवरचं ऊन, टीं टीं करणारं यंत्र. यंत्राला ती प्रत्येक वेळी उत्तर द्यायची. पण बंद गाडीत मूल ठेवून चार पावलंही जायचं नाही, हे तिनं स्वतःशी ठरवलेलं होतं. कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणून प्रत्येक थांब्याला ठकूला काढायचं, मावशींच्या दुसऱ्या, सुती शालीनं छातीशी बांधायचं, वरून जॅकेट घालायचं, मग खोकं उचलायचं. आल्यावर सगळं उलटं. दुसऱ्या-तिसऱ्या थांब्यालाच तिच्या पाठीतून घाम वाहू लागला आणि यंत्र पिवळ्यावरून हिरव्यावर यायला तयार होईना.

एक गंमत मात्र झाली. दारं उघडायला लागली. इतके महिने जी दारं नुसती दारं होती त्यांच्यामागे माणसं निघाली. पोराचा आवाज आला की कडी वाजायची. एक तरुण "केव्हाचा वाट बघतोय" म्हणत तावातावानं आला, जॅकेटमधून बाहेर आलेलं टक्कल त्यानं पाहिलं, आणि "बरं, असू दे" म्हणून खोकं घेऊन गेला. बूट-परत बाई पहिल्यांदाच सदेह दिसल्या. "अय्या, किती गोड! कितवा महिना?" त्या म्हणाल्या आणि उत्तर यायच्या आत दार लावून घेतलं. ती बंद दाराला महिना सांगून खाली आली.

चौथ्या मजल्यावर मांजरवाळूची गोणी खांद्यावर, ठकू छातीवर, अशी ती पायरी-पायरी मोजायचं टाळत चढली. दुसऱ्या मजल्यावर ठकू रडायला लागली, शाल काचत असावी. दाराशी गोणी टेकवली तशी बेल बोलली.

"कसला आवाज येतोय? मूल आहे का?"

"हो साहेब. ठेवलीय गोणी."

"जिन्यात रडवू नका हो. मांजर घाबरतं."

आतून खरंच मांजराचा आवाज आला. ठकू एकदम गप्प झाली आणि कान देऊन ऐकू लागली. तेवढ्यापुरते हिनं मांजराचे आभार मानले.

कोडेवाल्या बाईंकडे पोचली तेव्हा खिडकीत कोणी नव्हतं. तिनं खोकं दाराशी ठेवलं, वाकून फोटो काढायला गेली तर दारच उघडलं. बाई तिच्या कल्पनेपेक्षा बुटक्या होत्या. खिडकीत उंच दिसायच्या. मागाहून कळलं, तिथं पाट ठेवलेला होता.

"मी म्हटलं हे काय आज दोन डोकी," बाई म्हणाल्या. "आत ये."

"नको आजी, आम्हाला आत यायची परवानगी नाही."

"तुमच्याकडे नसेल. माझ्याकडे आहे." त्यांनी ठकूचा पाय धरून हलवला, हात मिळवतात तसा. मग हिच्या तोंडाकडे नीट बघितलं. "तुला जायचंय का गं? लाजू नकोस. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. तिथं उठायचं तर हात वर करून बसावं लागायचं, बदली बाई येईपर्यंत. येईचना कोणी. तो चेहरा मला ओळखता येतो. डावीकडचं दार."

तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं, आणि ते या कारणासाठी फुटावं याचं हसूही आलं. ठकूला बाईंच्या हातात देऊन ती डावीकडच्या दारात गेली. स्वच्छ फरशी, टॉवेलाला साबणाचा वास. एवढ्या महिन्यांत गिऱ्हाइकाच्या घरात उंबऱ्यापलीकडे तिचं पहिलं पाऊल पडलं ते हे.

बाहेर आली तर ठकू बाईंच्या मांडीवर बसून आभाळाचा एक तुकडा चघळत होती. टेबलावर कोडं पसरलेलं होतं. खाली समुद्र, मधे दीपगृह, वर अर्धवट आभाळ.

"अगंबाई, खराब केलं!"

"असू दे. आभाळ मला तसंही जमत नाही. सगळे तुकडे मेले सारखेच." बाईंनी खुर्ची पुढं सरकवली. "पाज तिला. तोंडात काही घालतेय म्हणजे भूक लागलीय."

ती बसली. खुर्चीला हात होते, पाठीला उशी होती. ठकू पिऊ लागली आणि घर शांत झालं, नुसते तिचे घोट ऐकू येत होते. बाई समोर बसून तुकडे चाळवत होत्या. मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हत्या, हे तिच्या लक्षात आलं.

"एक्स्चेंजमध्ये काय करायचात?"

"जोडायचे. हा नंबर तिकडे, तो इकडे. 'जोडते हं' म्हणायचं. दिवसभर माणसांचे आवाज कानात, पण माझ्याशी बोलायचं कोणालाच नसायचं. मी मधली." बाईंनी एक तुकडा फिरवून पाहिला, ठेवून दिला. "एक गृहस्थ होते, ते मात्र जोडून झालं की 'धन्यवाद ताई' म्हणायचे. बदली झाली असावी त्यांची. मग आवाज आला नाही."

यंत्र टीं टीं करू लागलं. ठकूनं पिता पिता त्याला उत्तर दिलं, तोंड न सोडता.

"ते काय ओरडतंय?"

"थांबा लांबला म्हणून. निघते मी."

"त्याला म्हणावं, बाळ जेवतंय." त्या उठल्या, पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. "मी तुला काय देऊ? पैसे घेणार नाहीस, तोंडावरच लिहिलंय."

आता हे ड्रायव्हरांनाच कळेल. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, काही नको, हात करता तेवढं पुरे. पण ड्रायव्हरच्या तोंडी एकच मागणं बसलेलं असतं, झोपेतही तेच निघेल.

"तारे द्या," ती म्हणाली.

"काय?"

मग तिनं बाईंचा फोन मागितला आणि एका हातानं ठकूला सावरत दाखवलं. हे उघडायचं. हे आजचं पार्सल. खाली पाच तारे, सगळे पिवळे करायचे. बाईंनी चष्मा लावून एकेक तारा दाबला, पेटीत दागिने ठेवावेत तसा.

"आणि खाली ही रिकामी चौकट कसली?"

"तिथं काही लिहायचं असलं तर लिहितात. लिहिलंच पाहिजे असं काही नाही."

"लिहिते की. तू जा. मला वेळ लागतो, एका बोटानं लिहिते मी."

तिनं ठकूला बांधलं. दारात बाईंनी विचारलं, "पुन्हा येशील ना?" ती म्हणाली, "तुम्ही मागवा, मी येते." ठकूला गाडीतल्या खुर्चीत बसवेपर्यंत बाई पायरीवरून बघत होत्या. त्या संध्याकाळी ठकूला मास्तरीणबाईंकडे पोचवून ती गाडी लावायला गोदामात गेली तेव्हा गुणगुणत होती. बिनसाखरेकाकांनी विचारलं, "काय वहिनी, बोट लागली का बंदराला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरायच्या आधी सुपरवायझरनं तिला केबिनमध्ये बोलावलं. त्याला सगळे 'घड्याळ' म्हणायचे, कारण तो नमस्कारसुद्धा मिनिटं मोजून करायचा. तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्चीकडे हात केला, आणि खुर्ची दाखवली म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं.

"वहिनी, तुमचं कौतुक आलंय," तो म्हणाला.

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. वर पाच तारे. खाली लिहिलेलं होतं:

'माझे पार्सल आणणारी मुलगी अतिशय कष्टाळू आहे. लहानग्या बाळाला छातीशी बांधून ती जड खोकी घेऊन फिरते. गाडीतही बाळ तिच्या शेजारी असते. काल माझ्या घरी बसून तिने त्याला दूध पाजले, तेवढा वेळ तिचे यंत्र सारखे ओरडत होते. अशा मातेला कंपनीने बक्षीस द्यावे आणि ते यंत्र बंद करावे.'

तिनं दोनदा वाचलं. एका बोटानं लिहिलेलं. एकही चूक नव्हती.

"मावशींना ताप होता," ती म्हणाली. "एकच दुपार. सकाळी कोणी नव्हतं हो गाडीत."

"मला माहितेय. तुम्ही उगाच आणणार नाही." घड्याळानं कपाळ चोळलं. "वहिनी, ही तक्रार असती ना, तर मी दाबली असती. खरंच सांगतो. तक्रारी माझ्याकडे येतात. त्या मांजरवाल्यानं पण काल लिहिलंय, 'जिन्यात लहान मुलाचा उपद्रव'. ती मी कधीच पुसली. कौतुक मात्र माझ्याकडे येत नाही. ते थेट वर जातं. वर त्याचे कागद काढून भिंतीला लावतात. आणि भिंतीला लावायच्या आधी कोणीतरी ते नीट वाचलं."

"मग?"

"गाडीत मूल म्हणजे सरळ घरी पाठवायचं, असा नियम आहे. पण पाच तारे आहेत. बाईंनी बक्षीस द्या म्हटलंय. म्हणून काढलं नाही तुम्हाला." हे त्यानं चांगली बातमी असल्यासारखं सांगितलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून आवाज खाली घेतला. "वाट बदललीय. या आठवड्यानंतर बायपासचा पट्टा. तिथं जिने नाहीत. सगळं सपाट आहे."

"तो तर गावाबाहेर आहे. मला दुपारी घरी..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. दुपारी घरी जाते हेही नियमात कुठं होतं?

"मला ते आधीपासून माहीत आहे, वहिनी," घड्याळ हळूच म्हणाला. "एवढ्या सेफ्टी पिना कोण मागवतं?"

उरलेल्या दिवसांत तिनं दुपारी ठकूला मिळेल तेवढं पाजलं आणि मावशींच्या हाती बाटली दिली. मावशींचा ताप उतरला होता. ठकू बाटली पाहिली की ओठ मिटायची. मावशी रागानं त्या बाईंना बोलू लागल्या, "म्हातारीला काय पडलं होतं निबंध लिहायचं?" तर हिला ते ऐकवेना. "चांगल्या मनानं लिहिलंय मावशी." "चांगल्या मनाला झाकण असावं लागतं," मावशी म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी कोडेवाल्या बाईंचं पार्सल होतं. तिनं ते गाडीत सगळ्यात पुढं ठेवलं आणि वाटेत दोनदा मनाशी ठरवलं, की दाराशी ठेवायचं आणि निघायचं. पण बाई दारातच उभ्या होत्या, बाहेर, पायरीवर.

"आलं का गं काही? दिलं का त्यांनी बक्षीस?" त्यांनी फोन पुढं केला. "मला उत्तर आलंय बघ. 'आपल्या प्रतिक्रियेची दखल घेऊन योग्य ती कार्यवाही केली आहे.' मी रात्री तीनदा वाचलं. माझ्या लिहिण्यावर आजवर कोणी कार्यवाही केली नव्हती."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या आनंदानं लाल झाल्या होत्या. केस विंचरलेले होते, चांगली साडी नेसल्या होत्या.

"दिलं ना," ती म्हणाली. "बढती दिली. मोठा पट्टा दिलाय, बायपासचा. जिने नाहीत. सगळं सपाट."

"बघ! मी म्हटलंच होतं, वर कोणीतरी शहाणं माणूस असणार." मग बाई थांबल्या. बोलता बोलता त्यांच्या लक्षात येत गेलं, ते तिला दिसलं. "बायपास म्हणजे... इकडे नाही येणार मग तू."

"नाही. इकडे आता बिनसाखरेकाका येतील. फार चांगले आहेत. फक्त चहा दिलात तर साखर घालू नका."

"तो बाप्या. तो कशाला आत येतोय." बाईंनी खोकं छातीशी धरलं. "बढती ती बढतीच. नाही म्हणून कसं चालेल? तुझ्या संसाराला बरं." आणि थोड्या वेळानं, अगदी सहज विचारल्यासारखं, "हे मी लिहिलं म्हणूनच झालं ना गं? नाहीतर झालं नसतं?"

"तुम्ही लिहिलंत म्हणूनच," ती म्हणाली. हे एक तरी खरं होतं.

गल्लीच्या वळणावर तिनं आरशात पाहिलं. बाई अजून पायरीवरच होत्या, खोकं धरून. दोन्ही हात अडकलेले, म्हणून हात करता येत नव्हता.

बायपासच्या पट्ट्यात दारं नव्हती, शटरं होती. लांबच लांब पत्र्याच्या शेड, प्रत्येकाला एक पहारेकरी. तो टेबलावर बोट ठेवून दाखवायचा, तिथं खोकी ठेवायची, तो न बघता सही करायचा. कोणी उशीर झाला म्हणत नव्हतं, कोणी डावीकडे-उजवीकडे सांगत नव्हतं. "कोण?" असंही कोणी विचारत नव्हतं, गाडीच्या रंगावरून कळायचं. यंत्र दिवसभर हिरवं असायचं. संध्याकाळी घरी येईपर्यंत काळोख पडलेला असे आणि ठकू डोळे चोळत असे.

पहिले काही दिवस दुपारी मावशींचा फोन यायचा आणि त्यात ठकूचं रडणंच जास्त असायचं. "घेत नाही गं," मावशी ओरडून सांगायच्या, "थोबाडात मारल्यासारखी बाटली उडवतेय!" ती गाडी कडेला घेऊन फोनमधून ठकूला हाका मारायची, गाणं म्हणायची. ट्रक जायचे, गाणं उडून जायचं. रडणाऱ्या पोरीचा तिला कळवळा यायचा आणि त्याच्याखाली, अगदी खाली, एक गोष्ट होती जी तिनं स्वतःलाही मोठ्यानं सांगितली नसती: पोर आपल्यासाठी अडून बसलीय, याचं बरं वाटायचं.

मग एका दुपारी फोन आला नाही. तिनं वाट पाहिली. शेवटी तिनंच लावला, चित्र दिसणारा.

मावशी कुजबुजत बोलल्या. "अगं, घेतली! सगळी घेतली. मी नुसती धरली तर दोन्ही हातांनी ओढून घेतली माझ्याकडून. बघ."

फोन फिरला. छत, पंखा, पलंगाची कड, आणि मग ठकू. पोट तट्ट भरलेलं, ओठाला पांढरा थेंब. तिनं पडद्याकडे पाहिलं, ओळखीचं थोडं हसली आणि मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघू लागली.

"शहाणी गं माझी," ती म्हणाली. "शहाणी ती. मावशी, तुम्ही जिंकलात."

"मी कसली जिंकतेय. भुकेनं शिकवलं." मावशी थोड्या घुटमळल्या. "एक सांगू का? रागावू नकोस. दुपारी फोन नको करत जाऊ. तुझा आवाज ऐकला की शोधायला लागते, दारापर्यंत रांगत जाते. आता कशी, गुंगायला लागलीय."

"बरं," ती म्हणाली.

"रागावलीस?"

"नाही हो. निजू दे तिला."

तिनं फोन ठेवला. वाट बदलल्याचं दुधाला कोणी कळवलं नव्हतं. ते वेळेवर आलं. जॅकेटच्या आतून ऊब पसरत गेली. तिनं पहारेकऱ्याच्या विरुद्ध बाजूचं दार उघडलं, चाकाच्या आडोशाला वाकून उभी राहिली आणि दूध पिळून टाकलं, आधी एका बाजूचं, मग दुसऱ्या. खाली मुरूम होता, पांढरं फार वेळ दिसलं नाही. चेन वर ओढून ती पुन्हा गाडीत येऊन बसली. यंत्र हिरवं होतं. पुढच्या शेडपर्यंत सरळ रस्ता होता, एकही वळण नसलेला, आणि तिनं गाडी सुरू केली.